दोन हजार एकोणनव्वदचा भागाकार

वाचनालयातल्या गणित मंडळाचा नियम असा, की यंत्राला हात न लावता मूळ संख्या शोधायची. मग ती शोधणाऱ्याच्या नावासकट वर्षभर फळ्यावर राहते. निवृत्त मास्तरांनी एक कोटी चार लाख त्रेसष्ट हजार आठशे एक ही संख्या धरली. तिला कशानेच भाग जात नाही हे दाखवायचं, तर साडेचारशेच्या वर भागाकार आले. अर्धे मास्तरांनी केले, अर्धे त्यांच्या बायकोने. तिला सगळे काकू म्हणत. लग्नापायी काकूंची शाळा सुटली होती, पण आकडे दिसले की त्यांना अजून हुरूप यायचा. त्यांचं प्रत्येक पान मास्तर लाल शाईने तपासायचे. फळ्यावर नाव लागलं ते अर्थातच एकट्या मास्तरांचं. काकूंनी मनातल्या मनात तिथे दोन नावं वाचली आणि गप्प राहिल्या.

रविवारी सकाळीच मंडळाचे चिटणीस दारात हजर झाले.

"मास्तर, घोळ झालाय. दोन हजार एकोणनव्वदने पूर्ण भाग जातो तिला. फळा पुसावा लागेल."

मास्तरांचा चेहरा खर्रकन उतरला. मग त्यांनी वाटणीची यादी पाहिली आणि त्यांच्या जिवात जीव आला.

"हा हिच्या वाटचा! तरी मला वाटतच होतं, हिच्या हाती द्यायला नको."

"असू दे हो वहिनी, चालायचंच," चिटणीस म्हणाले. ती कीव काकूंना जास्त झोंबली.

त्या उठल्या आणि त्यांनी कपाटातली तिसरी वही काढली. पान सापडलं. त्यांच्या अक्षरात उत्तर होतं पाच हजार नऊ, बाकी शून्य. बाकी शून्य म्हणजे संख्या बाद, सगळी मेहनत पाण्यात. त्यावर लाल शाईची रेघ, नऊ खोडलेला, आणि शेजारी शेरा: 'बाकी १८८१. घाई नडते!' संख्येतलं शून्य मास्तरांनी खाली उतरवलंच नव्हतं. ह्याच चुकीसाठी त्यांनी तीस वर्षं पोरांचे कान पिळले होते. त्या दिवशी काकू "पण अहो..." एवढंच म्हणाल्या होत्या. "आता तू मला शिकवणार?" असं ऐकल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटली होती, आणि पुढचा प्रत्येक भागाकार त्या तीनतीनदा करत बसल्या होत्या. ते आठवून आता त्यांना राग आला.

त्यांनी वही दोघांपुढे उघडी ठेवली. "हे लाल अक्षर कुणाचं, ते सांगा चिटणीसांना," त्या मास्तरांना म्हणाल्या.

मास्तरांनी पान पाहिलं, बोटाने आकडे मोजले, पुन्हा मोजले.

"अगं, पण बरोबर होतं तर तेव्हाच ठामपणे सांगायला काय झालं होतं तुला?"

"हो ना, वहिनी," चिटणीस म्हणाले. "बोलायला हवं होतंत."