तहहयात

"इथं, आणि मागच्या पानावर," म्हणत त्यानं टोपण काढून पेन थोरल्या बहिणीच्या हातात दिलं.

ताईनं पेन घेतलं, पण सही करायच्या ऐवजी कागद वाचायला घेतला. नोंदणी कचेरीच्या व्हरांड्यात तिच्या भावाचं दस्त लिहून द्यायचं टेबल गेली सव्वीस वर्षं होतं. सगळे त्याला खुलासेकाका म्हणत. कायद्याच्या कागदातले फारसी वळणाचे शब्द ऐकून भल्याभल्यांची बोबडी वळते. ते तो सोपे करून सांगायचा. बिनशर्त म्हणजे मागाहून कुरकुर नाही. तहहयात म्हणजे डोळे मिटेपर्यंत. अर्थ सांगितल्याशिवाय त्यानं कुणाची सही घेतली नव्हती, आणि हे तो स्वतःच चारचौघांत ऐकवायचा. लोका सांगे ब्रह्मज्ञान! आज मात्र त्यानं कागदाचा अर्थ सांगितला नव्हता.

"वाचतेस काय एवढं? हक्कसोडपत्र आहे. नेहमीचंच."

"तुझंच ऐकून शिकले रे. वाचू दे की."

वडिलांचं घर दोघांच्या नावावर होतं. पुढच्या खोल्यांत त्याचा संसार, मागच्या खोलीत ताई आणि तिचं शिलाई मशीन. घर पाडून इमारत उठायची होती आणि बिल्डरला कागदावर एकच नाव हवं होतं. ताईनं हक्क सोडायचा, नव्या घरातली एक खोली तहहयात तिची, असं जेवताना बोलणं झालं होतं. तिनं घास न थांबवता हो म्हटलं होतं.

तिचं बोट ओळीओळीवरून खाली गेलं. पान उलटलं. मग पुन्हा पहिल्यापासून.

"तहहयात कुठं आहे?"

"काय?"

"माझी खोली. लिहितो म्हणाला होतास."

तो टेबलावरचे शिक्के सरळ करू लागला.

"ते यात नाही बसत, ताई. बिल्डर कटकट करतो. माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

"बिनशर्त तेवढं बरं बसलं."

तो शाईची डबी पुसू लागला.

"परकी असते तर सगळं सांगितलं असतंस," ती म्हणाली. पेन टेबलावर ठेवून ती उठली आणि कागद घेऊन शेजारच्या टेबलासमोर बसली. तिथला लेखनिक खुलासेकाकांच्याच हाताखाली तयार झालेला.

"याचा अर्थ सांगा मला."

लेखनिकानं गुरूकडे पाहिलं. गुरूनं मान वर केली नाही. मग शिष्यानं शिकवल्याप्रमाणेच सांगितलं.

"सही झाली की घरात तुमचं काही उरत नाही. उद्या कुणी जा म्हटलं, तर जावं लागेल."

ताईला रडू आलं नाही, आणि त्याचंच तिला वाईट वाटलं.

"मग हरकतीचा अर्ज लिहा. माझ्या सहीशिवाय या घराचा कुठलाही दस्त नोंदवू नये म्हणून."

"ताई, अगं घरी जाऊन बोलू," मागून भाऊ म्हणाला.

तिनं वळून पाहिलं नाही. लेखनिकानं कोरा कागद ओढला. अर्जदार म्हणून तिचं नाव आणि पत्ता लिहिला. खाली, ज्याच्याविरुद्ध अर्ज त्याच्यासाठी, 'सामनेवाला' असं लिहून पुढचं नाव न विचारताच भरलं. मग पेन अडलं.

"सामनेवाल्याचा पत्ता?"

"वर माझा लिहिलात ना," ताई म्हणाली, "तोच."