तोंड नीट दिसू दे

राजकुमार डोणगावला आला तेव्हा त्याच्या एका हातात पोत्यात गुंडाळलेला व्हीसीआर होता आणि दुसऱ्या हातात एक व्हिडिओ कॅसेट. जयमाला मशीनवर ब्लाऊज शिवत होती. तिला ऐकू येत नव्हतं. लहानपणी आलेल्या तापानं कान गेले ते गेलेच. दारात सावली पडली म्हणून तिनं मान वर केली.

"वहिनी," राजकुमार तिच्यासमोर बसून सावकाश ओठ हलवत म्हणाला, "शालिग्रामदादा आहे याच्यात."

जयमालानं मशीनचं चाक हातानं थांबवलं.

शालिग्राम तिचा नवरा, राजकुमारचा चुलतभाऊ. राजकुमारच्या लग्नाला तो देऊळगाव राजाला गेला आणि परतताना जीप उलटून वारला. तेव्हा त्यांची मुलगी अर्पिता मांडीवर होती. आता ती मेहकरला पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला जात होती. लग्नाचं शूटिंग करणारा धम्मरत्न स्टुडिओ बंद करून सामान काढत होता. त्यात राजकुमारच्या लग्नाची मूळ कॅसेट निघाली, कापाकापी न केलेली. चालते का पाहायला म्हणून दोघांनी ती लावली, तर मांडवात खुर्चीवर शालिग्राम बसलेला. कॅमेऱ्याकडे बघून बोलत होता, पण आवाज नव्हता. मागे बँड वाजत होता, पोरं ओरडत होती, त्याचा मात्र शब्द नाही. नुसते ओठ.

धम्मरत्ननं तेव्हा तो तुकडा बिनकामाचा म्हणून गाळला होता. राजकुमारला मात्र पाहताक्षणी कळलं. शालिग्राम बायकोशी असाच बोलायचा. लोक जयमालाशी बोलताना ओरडायचे. तिला ओरडणं ऐकू यायचं नाही, फक्त वेडीवाकडी तोंडं दिसायची. शालिग्राम आवाज न काढता बोलायचा. भरल्या घरात दोघांचं बोलणं चालायचं आणि कुणाला पत्ता लागत नसे.

"म्हणजे बाबा तुझ्याशीच बोलून राह्यले आई," संध्याकाळी कामावरून आल्यावर अर्पिता म्हणाली. वडिलांचे तिनं फक्त फोटो पाहिले होते.

टीव्ही दिवाळीत घेतलेला, भिंतभर मोठा. व्हीसीआरची पिवळी पिन त्याला कुठंच बसेना, म्हणून अर्पितानं मेहकरहून एक स्वस्तातली कन्व्हर्टरची डबी आणली आणि दुसऱ्या दिवशी ती मध्ये लावली. पडद्यावर आधी मुंग्या आल्या, मग मांडव आला, मग शालिग्राम आला.

तो आडवा ताणलेला होता. गाल फुगलेले, खांदे दारात मावणार नाहीत एवढे रुंद. रंग भडक. चेहऱ्याच्या कडांना पांढरी किनार. तो बोलायला लागला, आणि ओठांच्या जागी कंगव्याचे दाते हलावेत तशा आडव्या रेघा हलू लागल्या. रेघा थांबल्या की तिथं नुसता मातकट डाग.

जयमाला उठून टीव्हीच्या अगदी पुढे गेली. मग मागे आली. मग खाली बसली.

"याईचं तोंड कोनं पुसलं?" ती ओरडली. तिचा आवाज सपाट आणि मोठा होता. आपला आवाज कसा येतो हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून लोकांसमोर ती बोलणं टाळायची. आज टाळलं नाही. "डोळे दिसतात, बटन दिसते शर्टाचं. तोंड काऊन दिसत नाही?"

"आई, जुनं चित्र आहे. टीव्ही मोठा आहे ना, म्हणून…"

"मंग लहान टीव्ही आन!"

जुना डबा टीव्ही त्यांनी कधीच भंगारात दिला होता. राजकुमारनं शेजारपाजारी चौकशी केली. एकाकडे होता, त्याची चित्राची नळी गेलेली. जयमाला मात्र थांबायला तयार नव्हती. ती पुन्हा पुन्हा कॅसेट मागे घेऊन लावत होती. अर्पितानं रिमोट घ्यायला हात पुढे केला तर तिनं तो झटकला. आणि एकदा, मागे जाता जाता, व्हीसीआर कर्रकन ओरडला. तो आवाज खोलीतल्या सगळ्यांना ऐकू आला, फक्त बटण दाबून धरणाऱ्या जयमालाला नाही.

अर्पितानं झडप घालून प्लग ओढला. कॅसेट बाहेर काढली तेव्हा फितीचा एक भाग आत अडकून चुरगळला होता.

"दे इकडं."

"आई, आता लावली तर तुटेल."

"तू लपवून राह्यली माह्यापासून! तुले काय, तुह्याशी सारं जग बोलते. माह्याशी हा एकच मानूस बोलत होता!"

जयमाला कॅसेट पदरात धरून भिंतीला टेकून बसली. समोरचं ताट तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी अर्पिता दुपारी घरी आली तर दाराला कुलूप. मेसेजसाठी आईला दिलेला फोन घरातच वाजत होता. आई एकटी कधी गावाबाहेर जात नसे. मागून गाडी आली तरी तिला कळत नसे. अर्पितानं आधी विहिरीवर पाहिलं. तिथून पळत स्टँडवर आली तेव्हा पानठेल्यावाल्यानं सांगितलं, "तुही आई मेहकरच्या गाडीत बसली. छातीशी काहीतरी धरून होती."

अर्पितानं राजकुमारला फोन लावला. "काका, धम्मरत्नकाकाचं घर सांगा. आई तिकडंच गेली असन."

जयमाला मेहकरला गाडी बदलून, कंडक्टरला कागदावर देऊळगाव राजाचं नाव लिहून दाखवत, विचारत विचारत धम्मरत्नच्या दारात पोचली होती. अर्पिता पोचली तेव्हा ती ओट्यावर बसली होती आणि समोर धम्मरत्न हात जोडून उभा होता. म्हातारा झाला होता. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा डोळ्यावर.

"तुमी होते ना तिथं," जयमाला म्हणत होती. "कॅमेरा तुमच्या डोळ्याले होता. सर्वात जवळ तुमी होते. काय म्हनले हे?"

"बाई, मले कसं समजन? त्याईनं आवाजच नाही काढला. मले वाटलं मजाक करून राह्यले."

"एक शब्द तरी?"

धम्मरत्ननं चष्मा काढून डोळे पुसले. मग तिला दिसावं म्हणून मान वर करून म्हणाला, "बोलायच्या आधी एक म्हनले होते. ते आवाज काढून म्हनले. 'जवळ या भाऊ, तोंड नीट दिसू दे.' म्हणून मी जवळ गेलो."

जयमालानं त्याच्या ओठांवरून हे वाचलं आणि तिचा चेहरा असा झाला की अर्पिताला तिच्याकडे बघवेना. शालिग्रामनं तोंड नीट दिसावं याची काळजी घेतली होती. आणि आता तेवढंच दिसत नव्हतं.

धम्मरत्ननं कॅसेट उघडली. चुरगळलेली फीत बोटांनी हळूहळू सरळ केली. "मी आधी गाळला, तोच तुकडा आहे," तो म्हणाला. "घडी पडली ते जात नाही. आता ही एकदाच चालन असं धरा. दुसऱ्यांदा चालली त नशीब."

एकदाच. अर्पितानं ते आईला सांगितलं. जयमालानं मान हलवली आणि पहिल्यांदाच कॅसेट स्वतःहून मुलीच्या हातात दिली.

अर्पिता त्यानंतर कामावरून आली की लॅपटॉप घेऊन बसायची. तिनं इंटरनेटवर सापडेल ते वाचून काढलं. जुन्या कॅमेऱ्याचं चित्र अखंड नसतं, हे तिला तिथं कळलं. एकाआड एक ओळींची दोन अर्धी चित्रं मिळून एक होतं, आणि सेकंदाला अशी पन्नास अर्धी चित्रं येतात. तिची डबी त्यातली दोन-दोन एकमेकांवर चिकटवत होती. माणूस स्थिर असला तर चालून जातं, पण ओठ हलले की दोन वेगवेगळ्या क्षणांचे ओठ एकावर एक येतात आणि रेघा पडतात. वर टीव्ही जुन्या चित्रातली खरखर पुसायला जातो, आणि खरखरीसोबत ओठांची कडही पुसून टाकतो.

तिनं कॅसेट लॅपटॉपमध्ये उतरवायची वायर मागवली. प्रत्येक अर्धं चित्र वेगळं ठेवून त्याचं पूर्ण चित्र करायचं, म्हणजे ओठांची एकही हालचाल हरवायची नाही, असं तिनं ठरवलं. पण बरोबर झालं हे कळणार कसं? स्वतः अर्पिताला ओठ वाचता येत नव्हते. आयुष्यभर तिनं आईसाठी ओठ हलवले होते. वाचायची वेळ तिच्यावर आलीच नव्हती.

उपाय धम्मरत्ननं काढला. त्याच कॅमेऱ्यानं काढलेली दुसऱ्या एका लग्नाची कॅसेट घेऊन तो स्वतः डोणगावला आला. स्पिरिटच्या बोळ्यानं व्हीसीआर साफ केला. "हे लोक पार कुठले कुठं गेले," तो म्हणाला. "खराब झाली तरी कोनी विचारनार नाही. याच्यावर शिका."

मग परक्या लग्नातल्या परक्या लोकांची तोंडं मोठ्या टीव्हीवर लागली. पहिल्यांदा जयमालानं मान हलवली, "नाही." अर्पितानं चित्राचा ताण काढून ते पूर्वीसारखं चौकोनी केलं. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या. "नाही." टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन तिनं चित्राच्या कडांची धार पार खाली आणली, पांढरी किनार गेली. "नाही." खरखर पुसणारी सोय बंद केली. पडद्यावर मुंग्या वाढल्या, चित्र उलट खराब दिसायला लागलं, धम्मरत्न नाक मुरडून म्हणाला, "हे त बिघडलं." जयमाला मात्र पुढे सरकली.

"थांब. ती हिरव्या लुगड्याची."

पंगतीत वाढणारी एक बाई शेजारणीकडे वळून काही म्हणत होती.

"वरनात मीठ नाही," जयमाला म्हणाली. "नाही… 'वरनात मीठच नाही, सांगजो नको कोनाले.'"

अर्पिता खदकन हसली आणि लगेच रडायला लागली.

जयमालानं आणखी तपासलं. प आणि ब आणि म सारखेच दिसतात, त्यामुळे ती अडायची. एक म्हातारा 'पान' म्हणाला की 'मान', हे तिला सांगता येईना. पण रेघा नव्हत्या. ओठ ओठच होते.

मग शालिग्रामची कॅसेट.

अर्पितानं सगळं जोडलं आणि बटण दाबलं. तिनं लॅपटॉपकडे पाहिलं नाही, व्हीसीआरच्या फटीकडे पाहत राहिली. फीत फिरत होती. घडीच्या जागी चित्र उडालं, पांढरे पट्टे आले, यंत्र किणकिणलं. पुढे पुन्हा मांडव दिसला. मग खाडकन आवाज झाला आणि फीत तुटली. पण शालिग्राम त्याआधीच खुर्चीवरून उठून गेला होता. तो सगळा लॅपटॉपमध्ये आला होता.

पेन ड्राइव्ह टीव्हीला लागला. जयमाला जमिनीवर बसली, नेमकी जिथून मघाशी वाचता आलं तिथं. तिनं पदर डोक्यावर घेतला.

शालिग्राम दिसला. बारीक, मूळच्या रुंदीचा, मुंग्यांच्या पडद्याआड. त्यानं इकडेतिकडे बघितलं, हसला, आणि बोलू लागला. जयमालाचे ओठ त्याच्यासोबत हलत होते. अर्पिता पडद्याकडे नाही, आईकडे बघत होती. मध्येच जयमाला थांबली. पडद्यावर पांढरे पट्टे होते. ते गेले, ओठ पुन्हा हलले, आणि शालिग्राम उठून गेला.

"पुन्हा."

पुन्हा लावलं. पुन्हा तिथंच पट्टे. तिनं हळू चालवायला सांगितलं. एकेक चित्र थांबवायला सांगितलं. अर्पितानं थांबवलं. पट्ट्यांखाली हनुवटी होती, वर नाक होतं. मधलं काही नव्हतं. चित्रच नव्हतं तर ते सुधारायचं कुठून? तिनं पुढे जाऊ दिलं आणि शेवटच्या रिकाम्या खुर्चीवर थांबवलं.

"मीच मोडलं," जयमाला म्हणाली. "माह्याच हातानं. बटन दाबून ठेवलं मी."

तिनं कपाळ जमिनीला टेकलं. धम्मरत्न उठून बाहेर ओट्यावर गेला. अर्पिता आईच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. तिला आईला विचारायचं होतं, आणि विचारवत नव्हतं. शेवटी जयमालानंच तोंड वर केलं.

"म्हनतात, पोरीचा गोवर उतरला का. म्हनतात, गोवराचं सांगतलं मी सर्वाइले, पन खरं मले मालूम आहे तू काऊन नाही आली. लोक हासतात म्हणून. हासू दे म्हनतात." ती थांबली. "मंग म्हनतात, 'तुहा आवाज मले'. आन् पट्टे."

"तुहा आवाज मले…" अर्पिता म्हणाली. "आई, आवडते म्हणाले असतील. दुसरं काय म्हणतील?"

"नाही." जयमालानं तिच्या ओठांवर बोट ठेवलं. "तू नको घालू. माह्या मनानं मीही नाही घालत. त्याईचा होता तो शब्द. गेला."

"त्याच्यापुढं?"

जयमालानं अर्पिताचा चेहरा दोन्ही हातांत धरून स्वतःकडे वळवला. तिचे ओठ हलले. आवाज नव्हता.

अर्पिताला काही कळलं नाही. जयमालानं पुन्हा ओठ हलवले, सावकाश. अर्पितानं डोळे बारीक केले. सुरुवातीला ओठ गोल झाले होते, मग उघडले होते.

"उद्या?" अर्पितानं विचारलं.

जयमालानं होकारार्थी मान हलवली.

"उद्या… येतो?"

जयमालानं तिला जवळ ओढलं. बाहेर ओट्यावर धम्मरत्न खाकरला आणि पाणी मागितलं. अर्पिता उठेना, म्हणून जयमालाच तांब्या भरायला गेली. पडद्यावर खुर्ची तशीच रिकामी थांबलेली होती.