मामाचा डबा आणि भिंगरीचा माज

तबेल्यात सगळे त्याला मामा म्हणत. एकोणतीस वर्षं घोड्यांची चाकरी केलेला मोतद्दार. पण नव्या मालकीणबाईंनी अट घातली, "मामा, घोड्यांच्या देखभालीचा कोर्स करा. पास झालात की तबेला तुमच्या हाती."

म्हणून अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तो मिसरूडही न फुटलेल्या पोरांशेजारी वही घेऊन बसला. रात्री जेवताना लेक उजळणी घेई.

"बाबा, घोड्याला उलटी होते का?"

"नाही."

"का नाही?"

"होत नाही हे ठाऊक आहे ना, मग का कशाला?"

"पास व्हायला," बायको म्हणाली. "दुसरं काय!"

तिसऱ्या आठवड्यात शिकवणाऱ्या बाईंनी गृहपाठ दिला: आपल्या तबेल्यातला खुराक डब्याने नाही, काट्यावर मोजून आणा. मामा मनातल्या मनात हसला. त्याचा डबा ठरलेला होता. डोळे मिटून द्यावा!

तरी त्याने काटा मांडला. डबाभर ओट भरले सव्वा किलो. मग मालकीणबाईंनी दोन महिन्यांपूर्वी भिंगरीला ओटांऐवजी सुरू केलेला, दाबून केलेल्या गोळ्यांचा तयार खुराक त्याच डब्यात ओतला. पावणेदोन किलोच्या वर! त्याने तीनदा मोजून पाहिलं.

तो तसाच भिंगरीकडे गेला. ही एरवीची गरीब घोडी हल्ली खरारा करताना अंगावर येई, शिकाऊ पोरांना घेऊन उधळे. माजलीय म्हणून त्याने तिला दोनदा चांगलंच दमात घेतलं होतं. आता त्याने बरगड्या चाचपल्या. बोटांना लागेनात. मान वरून चरबीने टणक झालेली.

"तुझा कसला माज गं," तो पुटपुटला, "माझ्या डब्याचा तो."

दुसऱ्या दिवशी वर्गात गप्प बसता आलं असतं. तो उभा राहिला. "बाई, मी दोन महिने घोडीला जवळजवळ दीडपट खाऊ घातलं. आणि वर तिच्यावरच डाफरलो."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. बाई हसल्या नाहीत. "मग आता कमी कसं करणार?"

"एकदम नाही, तिच्या पोटात कळ धरेल. आठवडाभर थोडं थोडं. आणि गवत वाढवीन."

"हे कुठे वाचलंत?"

"वाचलं कुठे? हे येतंच होतं."

आता सगळा वर्गच हसला, तोही हसला.

मालकीणबाईंनाही त्याने सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "खुराक मी बदलला. वजनाचं मलाही सुचायला हवं होतं."

दीड महिन्यात भिंगरी निवळली. घाबरट म्हणून ओळखली जाणारी एक मुलगी तिच्यावर बसून मैदानाला तीन फेऱ्या मारून आली आणि उतरायलाच तयार होईना.

लेखी परीक्षेत मामा शंभरपैकी बावन्न गुणांनी पास झाला आणि तबेला त्याच्या हाती आला.

"बाबा, बावन्नच?" लेक म्हणाली.

"निम्म्याहून जास्त आहेत," मामा म्हणाला आणि पुढच्या कोर्सचा अर्ज तिच्यापुढे सरकवला. "खुरांचा आहे. नीट अक्षरात भरून दे."