टीव्ही लागला, खाली ये

तो डिशवाला इतका उंच, की कावळे त्याला पुढची हवा विचारूनच उडायचे. गिऱ्हाइकाचा फोन आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "पाऊस आहे का?" हो म्हटलं तर, "थांबला की दिसेल." नाही म्हटलं तर, "मग डिश हललीय. वर चढून सरळ करा." पंधरा वर्षं यावरच निभावलं.

त्या दुपारी तो एका गच्चीवर डिश बसवत होता, तर बायकोचा फोन.

"अहो, टीव्हीचे नुसते चौकोन झालेत. आईंनी डोकं खाल्लंय माझं."

"पाऊस?"

"कडकडीत ऊन."

"मग हललीय. शिडी लाव."

फोन खिशात टाकून त्याने डिश फिरवली आणि तिच्या रोखाने मान वर केली. डिश काही डोक्यावर बघत नाही, तिरकी लांबवर बघते. ती बघत होती तिकडे आभाळ काळंठिक्कर, आत विजा. घरावर ऊन होतं खरं, पण चित्र यायचं त्या ढगातून. आणि ढग घराकडेच निघाला होता.

बायको पत्र्यावर. हातात लोखंडी पाना.

त्याने घाईने घरी फोन लावला. आईने उचलला.

"आई, तिला खाली बोलाव. वादळ येतंय."

आईचा लौकिक मोठा. कालच तिने सुनेला सांगितलं होतं, की तिच्या लहानपणी वाऱ्याने अख्खी विहीर उचलून शेजाऱ्यांच्या अंगणात नेऊन ठेवली.

"मी वादळ म्हटलं तर ती हसत बसेल रे," आई म्हणाली, आणि तोंड वर करून ओरडली, "अगं, टीव्ही लागला. बास कर, ये खाली."

शिडी करकरली. मग बायकोचा आवाज, "कुठे लागलाय? चौकोनच आहेत की. आई, तुमचं ना..."

पुढचं गडगडाटात गेलं. पत्रा धडाडला.

"आपली डिश उडाली रे. खरंच सांगते," आई म्हणाली.

जन्मात पहिल्यांदा त्याने तिचं लगेच खरं मानलं.

तो धावत जिन्यात आला. गेल्या अर्ध्या तासात आणखी दोघा गिऱ्हाइकांनी फोनवर "ऊन आहे" म्हटलं होतं. दोघांनाही त्याने वर धाडलं होतं. त्यातल्या घड्याळवाल्याने लगेच फोन उचलला, तो खाली उतरून चहा पीत होता. उरली शिंपीणबाई. तिचा फोन नुसता वाजत राहिला. जिन्याच्या झरोक्यातून पहिले थेंब आत आले, फोनवर पडले. त्याने ते बाहीने पुसले आणि पुन्हा नंबर लावला.