लाल गोलातली अळी

बादलीत दोनशे बारा अळ्या होत्या. पहिल्यांदा दोनशे अकरा भरल्या, म्हणून मी पुन्हा मोजल्या. शिवाय तीन कोळी, एक मुंगळा आणि संत्र्याची चार फुलं. सगळं साबणाच्या पाण्यात. जिवंत काहीच नव्हतं.

"सकाळपासून वेचून राहिली मी," मामी म्हणाली. "तुहा व्हिडिओ पायला अन् लागली कामाले. एकबी सोडली नाई."

मनकर्णाबाई माझी मामी. शेंदूरजनाघाटला तिची आणि उत्तमराव मामांची संत्र्याची बाग आहे. मी अमरावतीला प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि तेव्हापासून मिनिटभराचे व्हिडिओ करते. गोगलगायीची जीभ, वडाच्या पानातलं शिरांचं जाळं, कोळ्याचं जाळं चित्रात कसं काढायचं, असे. आतापर्यंत छत्तीस झाले. सगळे छत्तीस पाहिलेली माणसं फार नाहीत. मामी त्यातली एक. मधमाशीचा व्हिडिओ पाहून ती बहरातल्या झाडाखाली तासभर उभी राहिली होती. घरी येऊन मामांना म्हणाली, "औंदा वीस झाडं माही. त्याईवर फवारा मारायचा नाई."

मामांनी वीस झाडं दिली. आता त्यांच्या नवतीवर, म्हणजे कोवळ्या पालवीवर, मावा ही रस शोषणारी बारीक कीड चढली होती.

मी बादलीतली एक अळी तळहातावर घेतली. काळी, काटेरी, पाठीवर नारिंगी ठिपके.

"मामी, ही कीड नाही. ढालकिड्याची अळी आहे. लाल पाठीवर काळे ठिपके असतात ना, त्याचं पिल्लू. हीच मावा खाते."

मामीने वाकून अळी जवळून पाहिली. "मंग लाल गोल काहून केला तिच्याभोवती?"

"लोकांना नीट दिसावी म्हणून. मी बोलले आहे ना त्यात, हिला मारू नका म्हणून."

"आवाज बंद होता माय. दुपारी तुह्या मामाची झोप राह्यते."

मी मोबाईल काढला आणि माझा व्हिडिओ आवाज बंद करून पाहिला. अठ्ठावन्न सेकंद. आधी मावा लागून वाकडी झालेली पानं, मग अळी, तिच्याभोवती लाल गोल. अक्षर एकही नाही. औषधांच्या दुकानातल्या प्रत्येक फलकावर किडीभोवती असाच लाल गोल असतो, आणि मामी ते फलक वीस वर्षं पाहत आली आहे.

"चूक माझी आहे," मी म्हणाले.

"हात तं माहे होते," मामी म्हणाली आणि ओल्या बोटांकडे पाहत बसली.

तेवढ्यात मामा आले. बादलीत डोकावले. "झाली का मोबाईलवरची शेती?"

मामीने काहीच लपवलं नाही. मामा हसले, पण फवारणीचा पंप मात्र उचलला नाही. "रविवारच्या पुढच्या रविवारी मी बाकीच्या बागेत फवारतो," ते म्हणाले. "तवा मोजा. शेंड्यामागं दहाच्या आत मावा असला तं ही वीस झाडं तुही, दरसाल तुही. नाई तं मी पाइप इकडंच वळवतो, अन् मंग फुलावरच्या माश्याइची गोष्ट काढू नको."

तो शुक्रवार होता. नऊ दिवस होते.

प्रत्येक झाडाच्या एका शेंड्याला मी दोरा बांधला. भिंग घेऊन मोजलं. वीस शेंड्यांवर अकराशे पासष्ट मावा. पण तो खाणारं आणायचं कुठून?

"नत्थुजीची करडई," मामी एकदम म्हणाली. "काळीठिक्कर पडली माव्यानं. तिथं असतीन हे."

शेजारच्या वावरात अळ्या खरंच होत्या. माझ्याकडे पानांची चित्रं काढायचा दोन नंबरचा ब्रश होता. त्याच्या टोकाने एकेक अळी कागदाच्या पुडीत घेतली. नत्थुजी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहून बघत होते.

"काय वो मनकर्णाबाई, माह्या वावरातले किडे चोरता?"

"तुमाले नाईच पायजेत तं चोरी कायची?"

"न्या, न्या. मावाबी न्या संगं, मी गाडी देतो."

संध्याकाळपर्यंत एकशे चव्वेचाळीस मिळाल्या. मी म्हणाले, अठरा झाडांवर आठ-आठ सोडू, कडेची दोन झाडं तशीच ठेवू.

"काहून? त्या दोघाईनं काय पाप केलं?"

"नाहीतर मावा अळ्यांनी खाल्ला की आपोआप गेला, हे कसं कळणार?"

मामीने थोडा विचार केला. मग स्वतःच त्या दोन झाडांना पांढरी चिंधी बांधली.

भिंग मामीकडे ठेवून मी अमरावतीला परतले. तो व्हिडिओ काढून टाकला. नव्यात गोल हिरवा केला आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: हिला मारू नका. मामीचा फोन रोज यायचा. "आज एकीनं कात टाकली." "आज एक पानाले चिकटून बसली, हालत नाई. मेली का वो?" मेली नव्हती, कोषात गेली होती. पाचव्या दिवशी फोनवर मामांचा आवाज आला. "ते भिंग कोण्या बाजूनं धरा लागते?"

रविवारी सकाळी मी पोचले तेव्हा पंप भरून धुऱ्यावर ठेवलेला होता. भिंग मामांनी घेतलं, वही मामीकडे. एक शेंडा झाला की मामा आकडा सांगत, मामी लिहून घेई. दोनदा दोघांचं जमलं नाही, तेव्हा तो शेंडा मी मोजला. चिंधीची झाडं शेवटी घेतली. मग मामीने बेरीज केली, मी तपासली.

अठरा झाडांचे अठरा शेंडे: आधी एक हजार चव्वेचाळीस, आता एकशे बारा. शेंड्यामागे सहा पूर्णांक दोन.

चिंधीच्या झाडांचे दोन शेंडे: आधी एकशे एकवीस, आता एकशे त्रेसष्ट.

मामांनी पंप उचलला आणि वीसही झाडं सोडून बाकीच्या बागेकडे निघाले.