लेबलाबरहुकूम आजोबा

आजोबांच्या अंगाला कसलाच वास नव्हता, आणि तो त्यांनी मोठ्या कष्टाने घालवला होता. चौतीस वर्षं ते एका कंपनीत चहा चाखायच्या कामावर होते. लांबलचक टेबलावर पांढऱ्या वाट्या मांडलेल्या असत. प्रत्येकीतला चमचाभर चहा भुर्रकन ओढायचा, तोंडात घोळवायचा, बादलीत थुंकायचा आणि तो कोणत्या प्रतीचा ते सांगायचं. त्या खोलीत दुसरा वास आलेला चालत नसे. म्हणून आजोबांनी जन्मभर बिनवासाचा साबण वापरला, कच्चा कांदा सोडला आणि दाढीनंतर गालाला नुसतं पाणी लावलं.

निवृत्त झाले आणि रविवारी दुपारच्या खेळात आयतेच सापडले. खेळ नातीने काढलेला. नात पाच वर्षांची, एका जागी दोन मिनिटं टिकेल तर शपथ, म्हणून सगळे तिला खारू म्हणत. तिचे डोळे रुमालाने बांधायचे, घरच्यांनी ओळीने उभं राहायचं, कोणी बोलायचं नाही, आणि खारूने हुंगून माणूस ओळखायचा. आजी गुडघ्याच्या मलमावरून लगेच ओळखू आल्या. बाबांच्या हातांना छापखान्यातली शाई, आईच्या बाह्यांना दवाखान्यातलं जंतुनाशक. मग खारू आजोबांसमोर आली, नाक वर करून दोनदा हुंगलं आणि म्हणाली, "इथे कोणी नाही. भिंत आहे."

सगळे पोट धरून हसले. आजोबाही हसले. पण ती भिंत त्यांच्या मनातून हलेना. ज्या पोरीला त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलं, बुटाची नाडी बांधायला एकवीस वेळा न रागावता शिकवलं, तिच्या लेखी ते चुना लावलेल्या विटा होते. पुढच्या रविवारी तिने आपल्याला ओळखलं पाहिजे, एवढं एकच त्यांनी मनाशी धरलं. आता चहाची खोली नव्हती, मग वास लावायला कोणाच्या बापाची भीती होती?

सोमवारी ते अत्तरांच्या दुकानात गेले. तिथल्या मुलीने विचारलं, "काका, तुमचं व्यक्तिमत्त्व कसं आहे?" आजोबांनी चौतीस वर्षांच्या नोकरीची माहिती दिली. नोकरी नको, स्वभाव सांगा, असं ती म्हणाल्यावर ते गडबडले. या प्रश्नाला उत्तर द्यायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. शेवटी त्यांनी घरी फोन लावला.

आजी कणभर विचार करून म्हणाल्या, "घरात आले की चपला सरळ ठेवतात, असं सांगा तिला. याच्यापुढे मला तरी काही आढळलेलं नाही."

मुलगी शहाणी. तिने चपलांचा विषय बाजूला ठेवला आणि एक बाटली काढली. आजोबांनी मनगटावर फवारा घेतला आणि डोळे मिटले. नाक चौतीस वर्षांचं मुरलेलं होतं. वरवर लिंबू आणि संत्र्याचं साल, तेही नुकतंच नखाने सोललेलं. थोडं थांबल्यावर खालून नारंगीचं पांढरं फूल हळूच वर आलं, आणि त्याच्याही मागे, दाराआड उभं राहावं तसा मोगरा. आजोबा खूश झाले. बाटली घेतली, आणि तिच्यासोबतचा कागद घरी येऊन चष्मा लावून वाचला. त्यात लिहिलं होतं की हा सुगंध लावणारी व्यक्ती उन्हासारखी प्रसन्न, खेळकर आणि मनमोकळी असते, आणि ती पुढच्या क्षणाला काय करेल याचा नेम नसतो.

दुसऱ्या कोणी तो कागद चुरगाळून फेकला असता. पण आजोबांनी जन्मभर चहाच्या पेट्यांवर लेबलं लावलेली. लेबलावर एक आणि पेटीत दुसरंच, याहून मोठं पाप त्यांच्या कंपनीत नव्हतं. एकदा एका पेटीसाठी त्यांनी मालगाडी थांबवली होती. तेव्हा वास लावायचा तर आत माल तोच पाहिजे, नाहीतर ती लबाडी झाली. मंगळवारपासून त्यांनी व्यक्तिमत्त्व सुरू केलं.

सुरुवात प्रसन्नपणापासून. टपाल कार्यालयाच्या रांगेत ते शीळ घालू लागले. पुढच्या बाईंनी वळून पाहिलं आणि पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली. बुधवारी नेम नसण्याची पाळी होती. ते पुढच्या दाराने बाहेर पडले आणि मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरले. आजींनी चोर समजून पळी उगारली. कपाळावर पडायची ती आजोबा वाकल्यामुळे डब्यावर पडली. डब्याला पोचा आला. पोचा दुरुस्त करून द्या, मग खेळकर व्हा, असं आजींनी सांगितलं.

खरा घोळ मनमोकळेपणाने घातला. गुरुवारी जेवताना आजोबांनी मुलाला सांगितलं की तू न्हाणीघरात गातोस ते बारा वर्षं मी सहन करतोय. मुलगा ओशाळून हसला. त्या भरात ते सुनेकडे वळले. "आणि तुझं भोपळ्याचं सूप मी सहा वर्षं खिडकीतल्या कुंडीत ओततो."

सून जेवायची थांबली. "म्हणजे ते झाड त्यामुळे मेलं?"

ती शनिवारपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही. मात्र बाटली सगळ्यांना आवडली होती. आजोबांनी ती आरशापुढे ठेवलेली, आणि येता-जाता कोणाचा ना कोणाचा हात तिच्याकडे वळे. मैत्रिणींत मलमाचा वास नको म्हणून आजी दोन फवारे मारत. दवाखान्यातून आल्यावर माणसासारखं वाटावं म्हणून सून मारी. तिचा आजोबांवर राग होता, बाटलीवर नव्हता. मुलगा कशासाठी मारी ते त्यालाही सांगता आलं नसतं. प्रत्येकाला वाटे, आपल्या दोन फवाऱ्यांनी काय होतंय?

रविवारी दुपारी आजोबा आरशापुढे उभे राहिले, मान वर केली, झाकण दाबलं. फुस्स. पुन्हा दाबलं, बाटली हलवली, उलटी केली. आत थेंबसुद्धा नव्हता. गेल्या सहा दिवसांत रोज खारूला मांडीवर घेऊन त्यांनी तो वास तिच्या नाकात पक्का बसवला होता, आणि नेमक्या परीक्षेला ते कोरे उभे राहणार होते. पाठ दुखते म्हणून पडून राहावं, असंही मनात आलं. तेवढ्यात खारू आली आणि बोट धरून त्यांना ओढत घेऊन गेली.

रुमाल बांधला गेला. ओळ लागली. आजोबा मुद्दाम शेवटी उभे राहिले.

खारूने पहिल्या माणसाला हुंगलं. "आजोबा." त्या आजी होत्या. आजींनी पदर तोंडाला लावला.

दुसऱ्या माणसाला हुंगलं. "आजोबा." तो मुलगा होता.

तिसऱ्याला हुंगताना ती जरा घुटमळली, पण म्हणाली, "हेपण आजोबा." सुनेचे खांदे हसू दाबताना हलत होते. बाटली कुठे गेली ते आजोबांना आता कळलं, पण तोंड उघडायची सोय नव्हती.

मग ती त्यांच्यासमोर आली. एकदा हुंगलं. थांबली. पुन्हा हुंगलं, अगदी पोटाजवळ नाक नेऊन. आजोबांनी श्वास धरला. भिंत म्हणायचं तर म्हणून टाक बाई, असं त्यांना झालं.

"हे आजोबा," खारू म्हणाली.

"अगं, तीन आजोबा होऊन गेले," तिचे बाबा न राहवून बोलले. "हे चौथे कुठून आले?"

खारूने रुमाल कपाळावर सरकवला. आपला खेळ कोणीतरी बिघडवलाय, हे तिच्या लक्षात आलं होतं आणि तिला ते मुळीच आवडलेलं नव्हतं. "ते तिघं वासाचे आजोबा होते. हे रोजचे आजोबा आहेत."

आजोबा चष्मा पुसू लागले, आणि तो चांगला स्वच्छ झाल्यावरही पुसत राहिले.

खारूला मात्र खेळ पुन्हा मांडायचा होता. तिने तिघांनाही न्हाणीघराकडे बोट दाखवलं. साबण लावून, हात, मान, कानामागे सगळं धुऊन या, त्याशिवाय डाव मोजला जाणार नाही, असं तिने बजावलं. आजी, मुलगा आणि सून मुकाट्याने रांग लावून निघाले. आजोबाही सवयीने त्यांच्या मागे चालू लागले.

"तुम्ही बसा आजोबा," खारू म्हणाली. "तुमचं काही धुवायचं नाही."