धुतलेलं झाड

रस्त्याकडेची शोभेची झाडं किती धूळ झेलतात, यावर सुनेचं संशोधन चाललं होतं. हाताला येतील ती पानं तोडायची, पाण्यात खळखळून धुवायची, ते पाणी फिल्टर पेपरमधून गाळायचं आणि कागदावर उरलेली धूळ तोलायची. तिचं म्हणणं असं, की ज्याच्या पानांवर बारीक लव असते ते झाड सर्वांत जास्त धूळ धरून ठेवतं. तसं झाड एकच मिळालं होतं, तिच्याच घराच्या फाटकापाशी. आणि नेमकं तेच घात करत होतं. गुळगुळीत पानांवर धुळीचा थर आणि ही लवदार पानं दर वेळी लख्ख.

"सोमवारपर्यंत कारण शोध," प्रयोगशाळेतल्या मॅडम म्हणाल्या. "नाहीतर प्रबंधातून ते प्रकरण काढून टाक."

ते काढलं तर उरत काय होतं? प्रस्तावना आणि आभार.

रविवारी काळजीने लवकर जाग आली, म्हणून ती चहाचा कप घेऊन बाहेर आली. फाटकापाशी सासरे हातात पाइप धरून झाडाला अंघोळ घालत होते. त्यांनी जन्मभर बस चालवली. न धुतलेली गाडी रस्त्यावर काढायची नाही, हा त्यांचा बाणा. निवृत्तीनंतर बस गेली, पण पाइप काही सुटला नाही.

"बाबा, हे काय करताय?"

"तुझं झाड धुतोय. रोजच धुतो की. तू एवढं संशोधन करतेस, उद्या चार लोक बघायला येतील. झाड कसं चकचकीत दिसायला हवं."

सून पायरीवर मटकन बसली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. ती आधी हसली, मग हसता हसता रडायलाच लागली. सासऱ्यांनी घाबरून नळ बंद केला.

"माझं काही चुकलं का गं?"

"बाबा, पाणी कुठवर पोचतं?"

"मधल्या फांदीपर्यंत. नळाला जोर कुठे आहे?"

ती धावत गच्चीवर गेली. कठड्यावरून वाकून तिने त्या झाडाची आणि शेजारच्या गुळगुळीत पानांच्या झाडाचीही शेंड्याकडची पानं तोडली आणि तडक प्रयोगशाळा गाठली. सासरे न सांगता मागोमाग आले आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर अंग चोरून बसले.

गुळगुळीत पानांचा कागद राखाडी झाला. लवदार पानांचा बघता बघता काळाकुट्ट पडला. दोन्ही तिने वजनकाट्यावर तोलले. तिचं म्हणणं खरं होतं. कित्येक महिन्यांनी तिने मोकळा श्वास घेतला.

मॅडमना तिने लगेच फोन लावला. त्या सगळं ऐकून घेऊन हसल्या. म्हणाल्या, धुतलेल्या आणि न धुतलेल्या पानांची तुलना मी कधीपासून मागत होते, ती तुझ्या घरातच तयार होती.

"म्हणजे प्रकरण राहिलं?" सासऱ्यांनी हळूच विचारलं.

"राहिलं, बाबा."

त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "मग उद्यापासून पाइप गुंडाळून ठेवतो."

"अजिबात नाही," सून म्हणाली. "खालची पानं तुम्ही धुवायची. वरची माझी."